चौथ्याचा माईक बंद

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो जन्मापासून होता की धंद्यानं आला, ते ठाऊक नाही. भडगावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. उतारे काढून देतो, दाखल्यांचे अर्ज भरतो, फॉर्मवर फोटो चिकटवतो. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन जन्मतारखा असतात आणि तिन्ही खऱ्या आहेत म्हणून तो माझ्याशीच भांडतो. बारा वर्षं हेच चाललंय. आता कोणी समोर कागद ठेवला की मी आधी तो उलटा करून मागची बाजू बघतो. माणसाचंही तेच करतो. माझी माय म्हणते, याला देवळात प्रसाद दिला तरी हा आधी हुंगून बघेल.

दुपारी दोन ते चार माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं. सरकारी साईट नेमकी त्याच वेळेला बसते, हे लोकांनाही आता पाठ झालंय. मग मी शटर अर्धं ओढतो आणि मोबाईलवर गेम खेळतो. हसू नका, चाळिशीला आलेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं खेळतात, फक्त सांगत नाहीत. गेम साधा आहे. चौघांची टोळी विमानातून एका बेटावर उडी मारते, रिकाम्या घरांत शिरून बंदुका आणि औषधं गोळा करते आणि बाकीच्या टोळ्यांना संपवत शेवटपर्यंत टिकायचं असतं. कानाला हेडफोन, तोंडाशी माईक, म्हणजे चौघं एकमेकांशी बोलू शकतात. एक पडला तर दुसऱ्यानं त्याच्याजवळ बसून त्याला उचलायचं, नाहीतर तो मेला.

आमच्या टोळीत मी, पहूरचा एक फोटोग्राफर, धुळ्याचे एक नाना आणि माझा धाकटा भाऊ. फोटोग्राफर लग्नसराई सोडली तर वर्षभर मोकळा. त्याला फक्त धावायचं असतं. उतरल्या उतरल्या जिकडून गोळीचा आवाज येईल तिकडे पळणार, दोघांना पाडणार, तिसऱ्याच्या हातून पडणार आणि मग जमिनीवर रांगत बोंब मारणार, मला उचला, मला उचला. नाना त्याच्या बरोबर उलटे. पन्नाशी ओलांडलेले, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. सकाळची ओपीडी संपली की संध्याकाळची सुरू होईपर्यंत खेळतात. ते एका घरात शिरतात, दार लावून घेतात आणि पट्ट्या, सलाईन, गोळ्या जमवत बसतात. पिशवी औषधांनी गच्च, पण ती कोणाला द्यायची तर घराबाहेर पडावं लागतं, आणि तेवढं नाना करत नाहीत. मी कॅप्टन. कोणी केलं नव्हतं, मीच झालो होतो. कॅप्टनचं काम ओरडणं, अशी माझी समजूत होती.

तिघांची तोंडं तीन दिशांना. धाकटा भाऊ होता तोवर निभत होतं, कारण तो मधे राहायचा. नेम यथातथाच, पण पडलेल्याकडे धावायचा, नानांकडून पट्टी मागून आणायचा, माझी बडबड ऐकून घ्यायचा. दिवाळीनंतर त्याला नाशिकला कारखान्यात नोकरी लागली. तिथं गेटवरच मोबाईल जमा करून घेतात. तेव्हा त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. खोली मिळेपर्यंत बायको आमच्याच घरी राहणार असं ठरलं. जाताना तो म्हणाला, "भाऊ, माझ्या जागी एक जण देतो. साक्रीकडचा आहे. माझ्यापेक्षा चांगला खेळतो. फक्त त्याचा माईक बंद असतो."

मी विचारलं, बंद म्हणजे? बिघडलाय? तर म्हणे, तसंच समज. हे "तसंच समज" मला तिथंच खटकलं. पण गेमला चौथा लागतोच, म्हणून घेतला.

आणि खोटं कशाला बोलू, चौथा सरस निघाला. बोलायचा नाही, पण शत्रू दिसला की नकाशावर खूण करायचा. फोटोग्राफर पडला की हा वाकून त्याच्याजवळ हजर. नाना ज्या घरात बसलेत त्याच्या खिडकीखाली जाऊन उभा राहायचा, नानांना लाजेनं का होईना एक-दोन पट्ट्या खाली टाकाव्या लागायच्या. स्वतः कोणाला मारलं तर त्याचा गाजावाजा नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला संशय आला. फुकट एवढं कोण कोणासाठी करतं?

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. घरात वावरते, डोक्यावर पदर घेऊन समोरून जाते-येते, पण बोलायचं असेल तर मधे माणूस लागतो. शहरांत हे सुटलं, आमच्या गावातही बऱ्याच घरांत सुटलंय. आमच्याकडे मोडायला कोणी निघालं नाही म्हणून चालू राहिलं. माझी बायको शाळेत शिकवते, ती पाचला येते. मी चारला चहासाठी घरी जातो आणि ओट्यावर मायजवळ बसतो. मग आतून आवाज येतो, आई, त्यासले सांगा, चहा व्हई गया. त्यासले म्हणजे मला, आणि मी दोन हातांवर बसलेला. मग माय तोंड माझ्याकडे करून तेच पुन्हा सांगते. मीही मायलाच म्हणतो, साखर कमी टाक म्हणावं. वहूचा, म्हणजे भावाच्या बायकोचा, चेहरा मी कधी धड पाहिला नव्हता. आवाज तेवढा रोजचा ओळखीचा.

तर चौथा. पहिली माशी शिंकली ती लाइटमुळे. एके दिवशी भडगावची लाइट गेली. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, माझा गेम चालू राहिला. पण त्याच क्षणी चौथा गेममधून उडाला. पाच मिनिटांनी मोबाईलच्या नेटवर अडखळत परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी कान टवकारले. साक्रीचा माणूस, आणि लाइट भडगावच्या फिडरवर? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागलो. तो चारच्या आत जायचा. मी नुसतं म्हणालो की चला, मी घरी चहाला निघतो, की माझं वाक्य संपायच्या आधी हा गायब. रोज. मी न निघता मुद्दाम खोटं बोलून पाहिलं, तरी गायब. माझ्या घरी जाण्याशी याला काय करायचंय? मी दुकान सोडतो ही खबर तो कोणाला देतो? एका संध्याकाळी तर मी कुलूप दोनदा हलवून पाहिलं. आणखी एक गोष्ट होती, पण ती मी संशयाच्या वहीत लिहिलीच नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला, तसं मी गेममध्ये बोललो, आणि चारला घरी चहात आलं-तुळस. मला वाटलं, मायला कसं बरोबर कळतं. मी मायचं कौतुक केलं. माय म्हणाली, मी नही टाकं. मी ते ऐकून घेतलं आणि चहा पिऊन परत दुकानावर गेलो.

तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. बारा वर्षं कागदाची मागची बाजू बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओट्यामागचं दिसलं नाही.

मी भावाला फोन लावला. कोण आहे हा माणूस? खरं सांग, भडगावचा आहे ना? तो गडबडला. मग म्हणाला, "भाऊ, आपल्यातलाच आहे. विश्वास ठेव." विश्वास ठेव असं कोणी म्हटलं की माझा उरलासुरला उडतो. त्या दिवसापासून मी भावावरही संशय घ्यायला लागलो.

त्याला कारणही होतं. आमच्या गावात बस स्टँडवर बसणाऱ्या चौघांची एक टोळी आहे. रविवारी दुपारी आसपासच्या टोळ्या ठरवून एकत्र खेळायच्या, त्यात ही स्टँडवाली आम्हाला सलग हरवत होती. हरण्याचं मी समजू शकतो. पण आम्ही जिथं उतरू तिथं ते आधीच उभे. आम्ही दार उघडू, ते दारामागे. असं एकदा होईल, दोनदा होईल. प्रत्येक वेळी कसं? आमच्यातलं कोणीतरी फितूर होतं. मी हिशेब लावला. फोटोग्राफरचं तोंड सतत चालू, नानांचं चालू, माझं तर काय विचारता. एकट्या चौथ्याचं बंद. बोलत नाही, सगळं ऐकतो, भडगावात बसतो आणि साक्रीचा म्हणवतो. त्याचे हात मोकळे आहेत, तो स्टँडवाल्यांना लिहून कळवतो. याहून वेगळं काय असणार?

शुक्रवारी स्टँडवाल्यांशीच सरावाचा डाव होता. मी ठरवलं, कुठं उतरायचं ते आधी कोणालाच सांगायचं नाही. विमानातून उडी मारायच्या वेळेला माईकवर म्हणालो, गिरणीवर उतरा. बेटाच्या टोकाला एक पडकी गिरणी आहे, तिकडे कोणी जात नाही. आम्ही उतरलो. दोन मिनिटं झाली नसतील, स्टँडवाले चौघं सरळ गिरणीवर. फोटोग्राफर पडला, नाना खोलीतल्या खोलीत पडले, मी जिन्यावर पडलो.

माझं पित्त खवळलं. मी हेडफोनमध्ये चौथ्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला फितूर म्हणालो, हलकट म्हणालो, आणि मग त्याच्या आईवर गेलो. एकदा नाही. नाना मधे म्हणत होते, जाऊ द्या, खेळ आहे, तर त्यांनाही झापलं. शेवटी म्हणालो, "रविवारी माईक चालू करून बोलायचं. एक शब्द तरी. नाही बोललास तर चालता हो, या टोळीत तुला जागा नाही." चौथा हलला नाही, पडलेल्या फोटोग्राफरजवळ तसाच बसून होता. मग गेममधून गेला.

मोकळं झाल्यासारखं वाटलं. चारला घरी आलो तर ओट्यावर वहूची आई. साक्रीहून लेकीला भेटायला आलेली, सोबत डोंगराकडचा तांदूळ, भुईमुगाच्या शेंगा. मोलमजुरी करून लेकीला बारावीपर्यंत शिकवलेली बाई. मी हात जोडले. कधी आलात, प्रवास कसा झाला, आता जेवल्याशिवाय जायचं नाही, असं सगळं माझ्या गोड आवाजात. ती बिचारी अवघडून म्हणाली, मोठ्या भाऊंचा जीव लई चांगला शे. आतून त्या दिवशी चहा झाल्याचा आवाज आला नाही. वहूनं कप दारात ठेवला आणि ती मागे फिरली.

संध्याकाळी भावाचा फोन. भाऊ, माईकचा हट्ट सोड. मी म्हटलं, का? मुका आहे का तो? नाही. मग? बोलू शकत नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? तो म्हणाला, तुझ्याशी बोलू शकत नाही. मग म्हणाला, भाऊ, बाकी काही नाही रे त्याच्याकडे दिवसभरात, हे दोन तासच आहेत, ते काढून घेऊ नको. मला हे बोलणं फारच सारवासारवीचं वाटलं. रविवारी बोलला तर राहील, म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी दोनला सगळे आले. चौथाही आला. मला खरं तर वाटत होतं की तो येणारच नाही. त्याच्या नावापुढे माईकची खूण लाल, म्हणजे बंद. मी मोठ्यानं आठवण करून दिली. खूण लालच राहिली. फोटोग्राफर म्हणाला, भाऊ, डाव तर होऊ द्या. मी म्हटलं, डाव संपेपर्यंत मुदत.

तो डाव आम्ही बरा खेळलो. का कोण जाणे, नाना दोनदा घराबाहेर पडले. शेवटी आमची टोळी आणि स्टँडवाले एवढेच उरलो. मी एका दुमजली घरात खिडकीशी, बाहेर बंदूक रोखून. नाना खालच्या खोलीत. फोटोग्राफर मागच्या झाडीत कधीच मरून पडलेला आणि फक्त बघत होता. चौथा बाजूच्या विहिरीआड. मी खिडकीतून नजर काढत नव्हतो आणि एक डोळा चौथ्यावरही होता. मला वाटत होतं, आता दगा देणार.

त्याच्या नावापुढची लाल खूण हिरवी झाली. श्वासाचा आवाज आला. कुणीतरी बोलायला तोंड उघडून थांबलं होतं.

"नाना," ती म्हणाली, "त्यासले सांगा, मांगला दारमा माणूस उभा शे."

माझा अंगठा स्क्रीनवर जिथं होता तिथंच राहिला. बाईचा आवाज म्हणून नाही. तो आवाज मी रोज चारला ऐकत होतो, तो तसाच मधे माणूस घालून माझ्याशी बोलत होता. नानांना काही कळलं नाही, ते भाबडेपणानं माझ्याकडे निरोप देत होते, अहो, मागच्या दारात कोणी आहे म्हणते ही. मला ऐकू येत होतं. मला वळता येत नव्हतं. शुक्रवारचं माझं एकेक वाक्य उलट्या पावली परत येत होतं, फितूर, हलकट आणि त्याच्या पुढचं.

मागच्या दारातल्यानं जिना चढून येऊन मला पाडलं. चौथा, म्हणजे ती, विहिरीआडून उघड्यावर धावत आली. जिन्यावर त्याला गाठून पाडलं. मग खाली उतरून पळून गेली असती तर चाललं असतं, मला उचलण्याची गरज नव्हती. पण ती वर आली, माझ्याजवळ गुडघ्यावर बसली आणि मला उचललं. त्याला दहा सेकंद लागतात. त्यांच्या उरलेल्या तिघांना मग तिनं आणि नानांनी मिळून संपवलं. मी नुसता उभा होतो.

आम्ही पहिल्यांदा स्टँडवाल्यांना हरवलं. फोटोग्राफर आनंदानं किंचाळत होता की बघणारे सगळे चाट पडलेत. मी विचारलं, कोण बघणारे? तर म्हणे, भाऊ, मी महिनाभर आपले डाव माझ्या चॅनलवर लाईव्ह टाकतोय, स्टँडवाली पोरं तर रोज बघतात. त्याला त्यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. प्रसिद्धी मिळते म्हणाला. आमचा फितूर हा होता, आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. एरवी मी त्याची सालटी काढली असती. पण शुक्रवारचंही लाईव्ह गेलं असणार, हे माझ्या डोक्यात आलं.

चार वाजले. मी चहाला निघतो असं त्या दिवशी म्हणालो नाही, तरी ती गेलेली होती. शटर लावून मी बराच वेळ पायरीवर उभा राहिलो. घरी जायची लाज वाटत होती. शेवटी गेलो. बायको रविवारच्या बाजाराला गेलेली. ओट्यावर मायजवळ बसलो. माय नेहमीसारखी करवादली, बठ्ठा दिन मोबाईलमा डोकं घालीसन बठस. आत भांड्यांचा आवाज चालू होता, म्हणजे ती दाराशीच होती.

मला थेट बोलता आलं असतं. कायद्यानं काही बंदी नाही. तरी मी आमच्या रीतीनंच बोललो.

"माय, तिला सांग, माझी चूक झाली."

मायनं वळून पाहिलं. कसली चूक, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिनं दाराकडे बघून निरोप दिला, की हाऊ म्हणस चूक व्हयनी. आतली भांडी थांबली. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू द्या, झालं ते झालं. बायका असंच म्हणतात, आणि मी तेच ऐकायला तयार होऊन बसलो होतो.

"आई," आतून आवाज आला, अजिबात न चढलेला, "त्यासले इचारा, मनी मायनं काय चुकनं?"

माय माझ्याकडे वळली. तिनं रोजच्यासारखा निरोप पुढे केला, एक शब्द न बदलता.

"काय चुकनं रे तिनी मायनं?"

ओट्याच्या कोपऱ्यात साक्रीच्या शेंगांची पिशवी होती, अर्धी संपलेली. मी तिच्याकडे बघत राहिलो. माय वाट बघत होती, दारामागे तीही.

"काहीच नही, माय," मी म्हणालो. "सांग तिले, काहीच नही."